आधी उठाव, मग वर्ख: अक्षरांना सोन्याची झळाळी कशी द्यायची

मी केलेलं पहिलं 'सोनेरी' नाव एका बारशाच्या फ्लेक्सवर लागलं होतं. गडद पिवळ्यातून केशरीत जाणारा ग्रेडियंट, वरच्या अंगाला पांढरी चमक, खाली काळी सावली. पडद्यावर बघून मी स्वतःवरच खूश होतो. फ्लेक्स टांगल्यावर बाळाच्या पणजी मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हळदीनं लिहिलंय होय? छान." टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच हळद वाटली होती.

चूक नेमकी कुठे होती हे कळायला मला बरेच दिवस लागले. म्हणून तीच गोष्ट आधी सांगतो. बटणं आणि आकडे त्यानंतर.

घरात एखादी पाटली किंवा जाडशी अंगठी असेल तर ट्यूबलाइटखाली धरून नीट बघा. एक सायीच्या रंगाची, जवळजवळ पांढरी रेघ दिसेल, ती ट्यूबलाइट. तिला अगदी खेटून गडद तपकिरी पट्टा. ती समोरची अंधारी भिंत, नाहीतर तुमचा स्वतःचा शर्ट. मग थोडं पिवळं, पुन्हा तपकिरी. पाटली जराशी फिरवली की सगळे पट्टे सरकतात. धातू आजूबाजूची खोलीच आपल्याला परत दाखवत असतो, आपल्या रंगात बुडवून. आता मोबाइलवर तिचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. पिवळा रंग सगळा गेला तरी पाटली धातूचीच दिसते, फार तर चांदीची वाटेल. माझं ते बारशाचं नाव मी असंच कृष्णधवल करून बघितलं, तर राखाडी पुठ्ठा हाती आला.

आणखी दोन गोष्टी याच बैठकीत बघून घ्या. पिवळ्या प्लास्टिकच्या बादलीवर दिव्याची चमक पांढरी पडते. सोन्यावर तशी पडत नाही, कारण सोनं प्रकाशातला निळा भाग गिळतं आणि लाल-पिवळा तेवढा परत फेकतं. त्यामुळे त्याची चमकसुद्धा पिवळसर असते. अक्षरावर पांढरीशुभ्र चमक ओढली की ते बादलीच्या जातीचं होतं. दुसरी गोष्ट मंगळसूत्राच्या वाटीत आहे. वाटी उलटी करून आत बघा. बाहेरून पिवळी असलेली वाटी आतून नारिंगी, तांबूस दिसते. आत शिरलेला उजेड एका अंगावरून दुसऱ्या अंगावर आपटत राहतो आणि दर वेळी त्यातला निळा आणखी कमी होतो. अक्षराच्या खाचाखोचांत काळ्याऐवजी तांबूस तपकिरी भरायचा तो यासाठी.

तंजावरच्या मराठा राजांच्या काळात बहरलेली ती देवदेवतांची चित्रं तुम्ही पाहिली असतील. त्यात दागिने, कमानी, सिंहासन हे सगळं आधी खडूची भुकटी आणि डिंक यांच्या लगद्याने उठवून घेतात आणि मग त्या उठावावर सोन्याचा वर्ख बसवतात. आपणही तोच क्रम धरू. अक्षर आधी नुसत्या राखाडी रंगात घडवायचं. राखाडीतच ते धातूचं दिसेपर्यंत पुढे सरकायचं नाही. सोनं शेवटी, एका लेयरने, म्हणजे वर ठेवलेल्या एका वेगळ्या थराने, चढवायचं.

काय लागेल

फोटोशॉप असेल तर उत्तम. नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी फुकट आहे. लेयर स्टाइल, स्मार्ट ऑब्जेक्ट आणि ग्रेडियंट मॅप ही आपली तिन्ही हत्यारं त्यात आहेत, नावंही तीच, पर्यायांत थोडा फरक. गिंपमध्येही ग्रेडियंट मॅप आहे, पण उठावाची रीत वेगळी आहे. पहिलाच प्रयत्न असेल तर तिथून सुरुवात करू नका, असं माझं मत.

नवीन फाइल १९२० गुणिले १०८० पिक्सेलची घ्या, कलर मोड आरजीबी. सरावासाठी शब्द घेऊ 'सोनं'. दसऱ्याच्या शुभेच्छांना उपयोगी पडेल, आणि शिरोरेषा, काना, मात्रा, अनुस्वार हे त्रास देणारे सगळे अवयव या एका शब्दात आहेत. खालचे सगळे आकडे मात्रेसकट साधारण ४०० पिक्सेल उंच अक्षरं धरून दिले आहेत. तुमची अक्षरं दुप्पट मोठी असतील तर साइझ आणि डिस्टन्सचे आकडेही दुप्पट करा. इंटरनेटवरचे आकडे जसेच्या तसे टाकून 'माझ्याकडे तसं दिसत नाही' म्हणणाऱ्या दहांपैकी आठ जणांचं घोडं इथेच अडतं.

फॉन्ट जाड हवा. उठावाला जागाच नसेल तर धातू बसणार कुठे? मुक्ताचं एक्स्ट्राबोल्ड वजन, बालू, यात्रा वन, रोझा वन हे गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. रोझा वनमध्ये जाड आणि बारीक रेघांतला फरक फार मोठा आहे. पत्रिकेसारख्या कामाला तो शोभतो, पण त्याच्या बारीक रेघा उठावात कधी कधी नुसत्या तारेसारख्या होतात. पहिल्यांदा मुक्ता घ्या.

जोडाक्षरं तुटत असतील, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसत असेल, तर दोष फॉन्टचा नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात जाऊन मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन हा पर्याय निवडावा लागतो आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा लागतो. तरीही ऐकत नसेल तर इंकस्केपमध्ये शब्द टाइप करा, त्याचा पाथ करा, एसव्हीजी म्हणून सेव्ह करा आणि ती फाइल इकडे आणा. थोडं द्राविडी प्राणायाम आहे खरं, पण हमखास चालतं.

पार्श्वभूमी

यावर फार वेळ घालवू नका, पण पांढरी ठेवू नका. सराफ दागिना दाखवताना खाली लाल मखमल पसरतो ते उगीच नाही. मध्यभागी ९२, १८, २८ आणि कडेला २८, ४, १० असा रेडियल ग्रेडियंट द्या. हे तीन आकडे अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा यांचे. पुढेही याच क्रमाने देतो.

राखाडी अक्षर

टाइप टूलने शब्द लिहा, रंग १२८, १२८, १२८. अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, शून्यावरच ठेवा. इंग्रजी शब्दाला ट्रॅकिंग वाढवून थाट आणता येतो. आपल्याकडे ते वाढवलं की शिरोरेषा जागोजागी तुटते आणि उठाव दिल्यावर प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र टोक फुटतं. शब्द जिन्याच्या कठड्यासारखा दिसायला लागतो.

आता लेयरवर डबल क्लिक करून लेयर स्टाइलची खिडकी उघडा आणि ग्रेडियंट ओव्हरले निवडा. ब्लेंड मोड नॉर्मल, ऑपॅसिटी १००, अलाइन विथ लेयर टिक केलेलं. ग्रेडियंटमध्ये सहा थांबे, म्हणजे पट्टीवर रंग नेमून द्यायच्या जागा, ठेवायचे, सगळे राखाडी. लोकेशन ० वर ४५, ३० वर १५०, ४७ वर २३५, ५३ वर ७०, ८० वर १७५ आणि १०० वर २४०. (राखाडी असल्यामुळे तिन्ही रंगांना तोच आकडा.) मधल्या ४७ आणि ५३ यांच्यात काय होतंय ते बघा. अगदी फिकटावरून एकदम गडदावर उडी. पाटलीवर ट्यूबलाइटच्या रेघेला खेटून जो तपकिरी पट्टा दिसला, तो हाच. हे दोन थांबे एकमेकांपासून लांब नेले की उडीचा उतार होतो आणि धातूचा साबण होतो. एकदा मुद्दाम ४० आणि ६० वर नेऊन बघा, मग परत आणा.

आता अँगल. इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेल्या बहुतेक धड्यांत ९० अंश सांगतात. तिथे ते चालतं, कारण त्यांच्या अक्षरांत आडवी रेघ तुटक असते. आपली शिरोरेषा सबंध शब्दावरून आडवी जाते. ग्रेडियंट सरळ उभा ठेवला तर ही अख्खी रेषा एकाच पट्ट्यात सापडते आणि डावीकडून उजवीकडे एकाच छटेची राहते. शब्दाचा सगळ्यात ठळक अवयव मेलेला, आणि खाली काने मात्र चमकतायत. म्हणून अँगल ६५ च्या आसपास ठेवा. पट्टे तिरके झाले की शिरोरेषेवर छटा बदलत जाते. 'स'वर गडद असेल तर 'न'पर्यंत फिकट होते. माउसने ग्रेडियंट धरून थेट अक्षरांवर वरखाली सरकवताही येतो. उडीची रेघ कान्यांच्या मधोमध तिरकी छेद देऊन जाईल अशी बसवा.

बेव्हल अँड एम्बॉस

सगळी मदार इथे आहे, म्हणून इथे थांबून खेळायचं. त्याच खिडकीत बेव्हल अँड एम्बॉस निवडा. स्टाइल इनर बेव्हल. टेक्निक चिझल हार्ड; स्मूद ठेवलं तर अक्षर साखरेच्या पाकात बुडवल्यासारखं होतं. डेप्थ २००, डायरेक्शन अप, साइझ १४, सॉफ्टन १.

साइझचा अर्थ समजून घ्या, म्हणजे आकडा पाठ करावा लागणार नाही. कडेपासून आत किती पिक्सेलपर्यंत उतार द्यायचा, तो हा आकडा. समजा तुमच्या फॉन्टमधला काना ६० पिक्सेल रुंद आहे. साइझ १४ दिला तर दोन्ही बाजूंनी चौदा-चौदा पिक्सेलचा उतार आणि मध्ये बत्तीस पिक्सेल सपाट माथा. साइझ ३० दिला तर दोन्ही उतार मध्यावर भेटतात आणि कौलारू छपरासारखी धार तयार होते. दोन्ही रूपं चांगली आहेत. नाव वाचलं जाणं महत्त्वाचं असेल तर सपाट माथा ठेवावा. एखादा मोठा 'श्री' किंवा '५०' करायचा असेल तर धार झकास दिसते. मात्र फॉन्टची शिरोरेषा कान्यापेक्षा बारीक असेल तर तिच्यावर धार आधी तयार होते आणि कान्यावर माथा राहतो, तेही खपून जातं.

खाली शेडिंग. अँगल १२०, म्हणजे उजेड डावीकडून वरून. अल्टिट्यूड ३०. यूज ग्लोबल लाइट टिक करा, म्हणजे पुढे कुठलीही सावली टाकली तरी ती याच दिव्याची असेल. ग्लॉस काँटूरमध्ये रिंग निवडा आणि शेजारचं अँटी-अलायस्ड टिक करा. रिंग निवडल्याबरोबर उतारांवर उजेड-अंधाराचे एकाआड एक पट्टे उमटतील. लिनियर आणि रिंग यांच्यात दोनचार वेळा ये-जा करून बघा. प्लास्टर कुठे संपतं आणि धातू कुठे सुरू होतो ते डोळ्यांना कळेल. हायलाइट स्क्रीन मोडमध्ये पांढरा, ८० टक्के. शॅडो मल्टिप्लाय मोडमध्ये काळा, ७० टक्के. वर मी पांढरं-काळं वापरू नका म्हटलं आणि इथे तेच सांगतोय, पण अजून आपण लगद्यात आहोत. वर्ख चढला की काळ्याचा तपकिरी होणार आहे.

अक्षरं जिथे जुळतात तिथे शिरोरेषेवर केसासारखी उभी भेग दिसते का, हे १०० टक्के झूम करून तपासा. दोन अक्षरांच्या कडा एकमेकींवर नीट न बसल्यामुळे काही फॉन्टमध्ये ती येते, आणि उठाव तिला चांगलाच ठळक करतो. उपाय असा: टाइप लेयरची एक प्रत लपवून ठेवा, मूळ लेयरवर उजवी क्लिक करून कन्व्हर्ट टू शेप द्या, मग पाथ ऑपरेशन्समधून मर्ज शेप कंपोनंट्स. सगळी अक्षरं एक अखंड आकृती होतात आणि भेग जाते. यानंतर शब्द टाइप करून बदलता येत नाही. नावातल्या ऱ्हस्व-दीर्घाची खात्री करून मगच हे करा. लपवलेली प्रत त्याचसाठी.

सॅटिनही थोडं द्या: मल्टिप्लाय, काळा, ऑपॅसिटी २५, अँगल २०, डिस्टन्स २५, साइझ ३०. सपाट माथ्यावर ढगासारखी हलकी छाया फिरते. नको वाटलं तर काढा, काही बिघडत नाही.

आता फाइल २५ टक्क्यांवर झूम आउट करा, खुर्ची मागे सरकवा, डोळे बारीक करा. लोखंडी पाटीसारखं किंवा चांदीसारखं काही दिसतंय का? दिसत नसेल तर ग्रेडियंटचे गडद थांबे आणखी गडद करा. नवीन माणूस गडदला घाबरतो. सोनं करायचंय आणि हा काळं काय करतोय, असं वाटतं. त्या भीतीपोटीच पिवळी हळद होते.

वर्ख

लेयरवर उजवी क्लिक करून कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट करा. उठाव, ग्रेडियंट, सॅटिन सगळं एका डबीत बंद झालं. डबल क्लिक केलं की डबी उघडते आणि आत सगळं जसंच्या तसं. ही पायरी गाळू नका. तशीच लेयर स्टाइलवर रंगाची लेयर अडकवली तर आतला ग्रेडियंट ओव्हरले तिला झाकून टाकतो आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. मी बसलो होतो.

आता ॲडजस्टमेंट लेयरमधून ग्रेडियंट मॅप घ्या. विंडोज असेल तर ऑल्ट, मॅक असेल तर ऑप्शन दाबून दोन लेयरच्या मधल्या रेघेवर क्लिक करा, म्हणजे तो फक्त अक्षरांवर लागेल. ग्रेडियंट मॅप काय करतो? प्रत्येक पिक्सेल किती उजळ आहे ते बघतो आणि त्या उजळपणाला तुम्ही नेमून दिलेला रंग लावतो. थांबे असे:

० वर ३८, १६, ४
३० वर १२२, ७०, १४
६० वर २१२, १५६, ४८
८५ वर २५५, २२६, १५५
१०० वर २५५, २५०, २२५

ओके दाबा. एका क्षणात लोखंडाचं सोनं होतं, आणि कितीही वेळा केलं तरी मला अजून मजा येते. थ्रीडीवाले शुद्ध सोन्याच्या परावर्तनासाठी जो रंग धरतात, तो पडद्यावर साधारण २५५, २२६, १५५ असा येतो. वरून चौथा थांबा तोच आहे. बघायला तो किती फिका आहे! सोन्याचा पिवळेपणा त्याच्यापेक्षा त्याच्या खालच्या तपकिरीतून जाणवतो.

इथे आवडीनिवडीचा भाग येतो. परदेशी नमुन्यांत जे सोनं दिसतं ते बऱ्याचदा फिकट, शॅम्पेनच्या रंगाचं असतं. अमेरिकेत १४ कॅरटचे दागिने सर्रास चालतात, त्यात शुद्ध सोनं साधारण ५८ टक्के. आपल्या डोळ्यांना सवय २२ कॅरटची, म्हणजे हॉलमार्कवर ९१६ कोरलेलं असतं ते. आपल्या गिऱ्हाइकाला फिकट सोनं दाखवलं की तो म्हणतो, "एक ग्रॅमवालं वाटतंय." त्याचं बरोबर असतं. वरचे आकडे २२ कॅरटकडे झुकणारे आहेत. आणखी जुनं, आजीच्या पेटीतलं सोनं हवं असेल तर मधला थांबा २०५, १४०, ३६ करा. चांदी हवी तर ग्रेडियंट मॅपचा डोळा बंद करा. तांबं हवं तर थांबे लालकडे न्या. आतल्या उठावाला हात लावायची गरज नाही.

वाटीच्या आतला तांबूसपणा

स्मार्ट ऑब्जेक्टच्या लेयरवर आता नव्याने लेयर स्टाइल उघडा. इनर ग्लो घ्या, पण चमकीसाठी नव्हे. ब्लेंड मोड मल्टिप्लाय, रंग १७०, ८४, १२, ऑपॅसिटी ४५, सोर्स एज, साइझ १२. कडांना आतून नारिंगी झाक येते. हाच तो वाटीतला रंग. जास्त झाला की अक्षर गंजल्यासारखं दिसतं, तेव्हा ५० च्या वर जाऊ नका.

मग ड्रॉप शॅडो: मल्टिप्लाय, रंग काळ्याऐवजी २०, ० आणि ४, ऑपॅसिटी ६५, डिस्टन्स १०, साइझ १८. ही सावली डबीच्या बाहेर द्यायची, आत नाही. आत दिली असती तर ग्रेडियंट मॅपने तिचंही सोनं केलं असतं.

खोली दाखवा

इथपर्यंत आलात तर काम देण्याजोगं आहे. पण अजून सगळ्या अक्षरांवर एकाच शिस्तीचे पट्टे आहेत, आणि खरी खोली इतकी शिस्तीची नसते. त्यासाठी एक फोटो वापरायचा. माझ्याकडे स्वयंपाकघरातल्या मांडणीचा एक फोटो आहे: ओळीने स्टीलचे डबे, वर खिडकीचा उजेड, खाली ओट्याची सावली. गेली कित्येक वर्षं माझ्या सगळ्या सोन्यात तीच मांडणी पडते, आणि आजवर कुणाला कळलेलं नाही. उजेड-अंधार ठळक असलेला कुठलाही फोटो चालेल, पण स्वतः काढलेला घ्या.

फोटो स्मार्ट ऑब्जेक्टच्या लगेच वर आणि ग्रेडियंट मॅपच्या खाली ठेवा, दोन्ही अक्षरांना अडकवलेले. इमेज, ॲडजस्टमेंट्समधून डीसॅच्युरेट करा, गॉशियन ब्लर १० ते १२ पिक्सेल द्या, ब्लेंड मोड ओव्हरले, ऑपॅसिटी ३५. आता फोटो हलवत राहा. कुठेतरी एका जागी अक्षरं एकदम जिवंत होतात; तिथे सोडा. डबा ओळखू येत असेल तर ब्लर वाढवा.

ओरखडे हवे असतील तर आणखी एक लेयर घ्या, ५० टक्के राखाडीने भरा, ओव्हरले करा. हा राखाडी ओव्हरलेमध्ये काहीच बदल करत नाही, म्हणून सुरुवातीला तो अदृश्य असतो. त्यावर ॲड नॉइज ४ टक्के, गॉशियन आणि मोनोक्रोमॅटिक टिक करून, मग मोशन ब्लर, अँगल ०, डिस्टन्स ४०. ट्रॉफीच्या पट्टीसारखा घासलेला पोत येतो. दागिन्यासारखी गुळगुळीत झळाळी हवी असेल तर या लेयरची ऑपॅसिटी १५ च्या खाली ठेवा. अजिबात नॉइज नसलेलं सोनं मात्र गुळगुळीत, कॉम्प्युटरचं वाटतं. तेव्हा थोडा असूच द्या.

चांदण्या, म्हणजे ते चार टोकांचे स्पार्कल. प्रत्येक अक्षरावर एकेक चिकटवायचा मोह सगळ्यांना होतो. उजेड डावीकडून वरून येतोय, तेव्हा चांदणी पडलीच तर शिरोरेषेच्या डाव्या टोकाला किंवा मात्रेच्या वरच्या कडेला पडेल. एक, फार तर दोन. रंग २५५, २४४, २०५, ब्लेंड मोड स्क्रीन. 'सोनं'मध्ये अनुस्वाराच्या टिंबावर एक छोटीशी चांदणी मला आवडते. तेवढीच.

जपून ठेवणं आणि पाठवणं

मूळ फाइल पीएसडीमध्ये. पुढच्या वेळी नुसतं स्मार्ट ऑब्जेक्ट उघडायचं, शब्द बदलायचा, सेव्ह करायचं, बाहेर सोनं तयार. मर्ज केलेली आकृती असेल तर लपवलेल्या टाइप लेयरवर स्टाइल कॉपी करून घ्या. आकार बदलताना इमेज साइझच्या खिडकीत वरच्या कोपऱ्यातल्या चक्राखाली स्केल स्टाइल्स टिक केलेलं आहे ना बघा. नसेल तर चित्र दुप्पट होतं आणि सावली तेवढीच राहते. स्मार्ट ऑब्जेक्टच्या आतली अक्षरं मूळ आकारातच असतात, त्यामुळे मोठा फ्लेक्स करायचा असेल तर सुरुवातच मोठ्या फाइलने करा.

पोस्टसाठी पीएनजी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलंत तर ते दाबून लहान होतं आणि नेमके ते बारीक गडद-उजळ पट्टेच चिखल होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

छपाईला जाताना

छपाईत ही झळाळी कमी होते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. पडद्यावरचा उजेड कागदावर नसतो. कागदाचा किंवा फ्लेक्सचा पांढरा हाच तिथला सगळ्यात उजळ रंग. व्ह्यू मेन्यूत प्रूफ कलर्स चालू केलं की सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, काय उरणार याचा अंदाज येतो. झळाळी कमी झाली म्हणून पिवळा वाढवायचा नाही, त्याने मोहरी होते. उलट गडद भाग आणखी गडद करायचे आणि पार्श्वभूमी खोल करायची. मी मधल्या सोन्यासाठी सियान २०, मॅजेंटा ४०, यलो ९०, ब्लॅक ५ च्या आसपास राहतो; खाचांसाठी ४०, ६५, १००, ४०; आणि फिकट भागात यलो ३५ च्या वर जाऊ देत नाही. मशीनगणिक फरक पडतोच, म्हणून पूर्ण फ्लेक्सआधी हातभर तुकडा छापून उन्हात बघा. दुकानातल्या ट्यूबखाली पास झालेलं सोनं चौकात नापास होतं.

पत्रिकेवर धातूच्या शाईने छापायचं असेल तर पँटोनच्या, म्हणजे क्रमांक दिलेल्या ठरावीक शायांच्या यादीतल्या, ८७१ ते ८७६ या छटा सोनेरी-काशाच्या आहेत. प्रेसवाल्याकडे नमुन्याचं पुस्तक असतं, त्यात बोट ठेवून ठरवा. आणि फॉइल, म्हणजे गरम ठशाने दाबलेला सोनेरी वर्ख असेल, तर वर केलेलं काहीही द्यायचं नाही. ग्रेडियंट नाही, उठाव नाही, सावली नाही. लपवून ठेवलेली ती टाइप लेयर काढायची, पाथ करायचा आणि १०० टक्के काळ्या रंगात पीडीएफ करून द्यायची. फार बारीक रेघा फॉइल धरत नाही, म्हणून मात्रेचं टोक आणि रफाराची रेघ किती जाड हवी ते प्रेसला आधी विचारून घ्या. एका पत्रिकेसाठी मी रात्री दोनपर्यंत सोनं घडवलं होतं. सकाळी प्रेसवाल्याने फाइल उघडली, बघितली, म्हणाला, "सुंदर आहे. आता हेच काळ्यात द्या."